कापूस स्टेजवर आला तेव्हा

सोनाळ्याच्या शाळेत मी दरवर्षी पोरांचं नाटक बसवतो. गर्दी एवढी होते की गावातली कुत्रीसुद्धा दुपारपासून जागा धरून बसतात. त्या वर्षी नाटक होतं भाज्यांच्या राज्याचं. आमचा रिवाज असा, की ज्याच्या वावरात जे पिकतं, ते त्या पोरानं व्हायचं. पोशाख ताजा मिळतो आणि प्रयोगानंतर रश्श्यात घालता येतो.

अडलं ते चौथीतल्या एका पोरीपाशी. तिचे अब्बा कापूस पिंजून गाद्या भरतात. घरी वावर नाही, म्हणजे भाजी नाही. मी म्हटलं, "तू पाऊस हो. पडद्यामागून पत्रा हलव."

"मागच्या साली बी मी पडद्यामागंच होते, सर. अम्मीले दिसलेच नाही. मले दिसाचं हाय."

मी डोकं खाजवलं. "मग कापूस हो!"

राजा झालेलं वांगं लगेच फुगलं. "कापूस काय भाजी हाय काय? अन् तो तं आमच्या वावरात पिकते!"

"अन् झोपतं कोणाच्या गादीवर बे?" तिनं विचारलं. वांग्याचा देठ खाली गेला.

प्रयोगाच्या दिवशी पोशाख अब्बांनी स्वतः बांधला. गादी भरणाऱ्याचा हात तो! जिथं पोकळी दिसली तिथं कापूस ठासला. पोरगी एवढी फुगली की तिला दारातून आत ढकलायला अख्खा भाजीबाजार लागला. स्टेजवर ढग आला. त्याला ना नाक, ना डोळे.

पहिल्या रांगेतली अम्मी उभी राहिली. "अजी, मेरी बच्ची किधर है?"

अब्बांनी कपाळावर हात मारला. चेहऱ्यापुरती जागा सोडायची राहूनच गेली होती!

ढग थबकला. मग आतून एक हात बाहेर आला आणि मुठीमुठीनं कापूस उपटू लागला. सरपंचांच्या काळ्याभोर मिशा पिकल्या, पेटीवाले गुरुजी सुरातच शिंकले. खामगावच्या जिनिंगमध्येही एवढा कापूस कधी उडाला नसेल, शपथ! शेवटी नाक दिसलं, मग घामानं चिंब झालेला सगळा चेहरा.

"अम्मी! मैं इधर!"

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. "दिखी, दिखी!" म्हणत अम्मीनं हात असे हलवले की मागच्या तीन रांगांना वारा लागला. वांगेराजा पुढचं सगळं विसरून तोंड उघडं टाकून उभा. तशी ती त्याच्यावर खेकसली, "काऊन थांबला बे? बोल ना! आता मी दिसून राह्यले!"