सिद्धांतवाले सर

प्रसादाचा शिरा हातावर पडला की आमचे सर आधी त्याचा सिद्धांत सांगायचे. तूप मनगटावरून बाहीत उतरायचं, तरी विवेचन संपायचं नाही. असा एखादा प्राध्यापक तुम्हीही पाहिला असेल. बुलढाण्याच्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवायचे, मी शेजारच्या मराठी विभागात होतो. मला ते कधीच आवडले नाहीत.

"सिद्धांताशिवाय धर्माचा अभ्यास म्हणजे नुसतं भजनी मंडळ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र कुठल्या जत्रेत जायचे नाहीत. धूळ सोसत नाही म्हणायचे.

जवळच्या उंद्री गावची एक मुलगी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती. घरी भाजीची शेती. विषय, बायकांच्या अंगात येणारी देवी. तिच्या विधवा चुलतीच्या, मोठ्या आईच्या, अंगात दर नवरात्रात देवी यायची. सरांचा निष्कर्ष आधीच तयार होता: सासरच्या जाचाचा दबलेला राग देवीच्या तोंडून बाहेर पडतो. मुलीनं मोठ्या आईलाच विचारलं, तर ती म्हणाली, "जाच कायचा वं? मले तं माहेरी परकरात होती तेव्हापासून येते."

मुलीनं ते प्रबंधात लिहिलं, तर सरांनी त्या पानावर माझ्यादेखत आडवी रेघ मारली.

"सर, पण हे खरं आहे."

"असेल. उपयोगाचं नाही."

पुढं एका रविवारच्या पुरवणीत त्यांनी स्वतःच लेख लिहिला. गावाचं नाव, मोठ्या आईचा फोटो आणि तो जाच. लेख गावभर फिरला. मुलीच्या वडलांना पारावर बसणं नको झालं. ते घरी येऊन म्हणाले, "आम्ही तुमाले जाचतो काय, वैनी? लोकं विचारून राह्यले मले. आता देवळात जायचं नाही."

मुलीनं पीएच.डी. सोडली. मी सरांच्या खोलीत जाऊन म्हणालो, "तुमच्यामुळं त्या बाईचं देऊळ तुटलं."

सर चक्क खूश झाले. "पाहा! शेवटी पुरुषांनीच गप्प केलं ना तिला? मी दुसरं काय म्हणत होतो?"

अंगावर धावून जावंसं वाटलं. गेलो नाही. पण त्यानंतर त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही.

त्यांचा निरोपसमारंभ नवरात्रात आला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी रजा टाकून उंद्रीला गेलो. मोठी आई ओट्यावर मेथी निवडत होती, मुलगी जुड्या बांधत होती. देवळाकडं डफडं वाजायला लागलं. मोठ्या आईचे हात थांबले, खांदे हलायला लागले. ती घाईनं उठली, घरात गेली आणि आतून कडी लावून घेतली.

मुलगी दाराकडं पाहत राहिली. डफडं वाजतच होतं.