चौसष्ट मीटर

नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून जी लांबट खोली होती, तिथे शहराचे नकाशे असत. पूर्वी ते कपाटांत गुंडाळ्या करून ठेवलेले असत. आता सगळे संगणकात गेले होते. कपाटं मात्र तिथंच होती, कारण ती काढून नेण्याची फाइल कुणी पुढे सरकवली नव्हती. त्या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे नकाशेबुवा म्हणत. कुणी नळजोडणीचं काय झालं एवढं विचारायला आला, तरी ते त्याला खुर्ची देत आणि जमीन गोल, कागद सपाट, म्हणून नकाशात थोडं खोटं असायचंच, इथपासून सुरुवात करत. माणूस नळ विसरून घरी जाई.

घरी मात्र ते बुवा नव्हते. ताईसाठी ते बारक्या होते. आई गेली तेव्हा बारक्या सहा वर्षांचा आणि ताई सतरा वर्षांची. वडील कामावर जात आणि परत येत, यापलीकडे त्यांच्याकडून काही होत नसे. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सही ताईची. बारक्याचं शिक्षण पुरं होईपर्यंत तिनं स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही. पुढे वय झाल्यावर तिनं एका बसचालकाशी लग्न केलं. माणूस सोन्यासारखा. पण त्यांना मूल झालं नाही.

मग ताईनं पाळणाघर काढलं. त्यासाठी नदीपलीकडच्या नव्या वस्तीत तळमजल्याचं घर बघितलं. दोन मोठ्या खोल्या, पुढे अंगण, जिना नाही म्हणून पोरं पडायची भीती नाही. नदी जवळ होती, तेवढंच तिला खटकत होतं.

"बारक्या, तू नकाशातला माणूस. इथं पाणी येतं का सांग."

बुवांना नगरपालिकेत लागून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्यांनी संगणकावर घराचा भूखंड काढला, त्यावर पूररेषा टाकली. शंभर वर्षांतला मोठ्यात मोठा पूर जिथवर पोचेल, ती ही रेषा. रेषा घराच्या अलीकडे, नदीच्या बाजूला, बरीच लांब होती.

"बिनघोर घे," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर घे."

ताईनं घेतलं. पाळणाघराला परवाना मिळाला आणि बघता बघता चौदा पोरं झाली. दुपारी दोन्ही खोल्यांत ओळीनं गाद्या पडत आणि ताई ओळींमधून अनवाणी फिरे. या गोष्टीला सात वर्षं झाली.

त्यानंतर एके दिवशी मोजणीवाला बुवांकडे आला. नदीकाठी पूररेषेचे जुने दगड होते, पाटबंधारे खात्यानं पुरलेले. त्यांची नव्या यंत्रानं मोजणी करायचं काम त्याच्याकडे होतं. त्याला सात दगड सापडले होते.

"बुवा, तुमची रेषा आणि माझे दगड जुळत नाहीत," तो म्हणाला. "यंत्र बिघडलं की काय समजत नाही."

बुवांनी सातही ठिपके नकाशावर टाकले. दगड रेषेवर असायला हवे होते. ते सगळे रेषेच्या पूर्वेला, वस्तीच्या बाजूला पडले. बुवांनी अंतर मोजलं. पहिला चौसष्ट मीटर. दुसरा चौसष्ट. सातवाही चौसष्ट.

यंत्र बिघडलं असतं तर एक दगड इकडे पडला असता, एक तिकडे. सगळेच एका दिशेनं, एकाच अंतरानं सरकलेत, म्हणजे दगड जागच्या जागी आहेत आणि रेषा हललेली आहे. बुवांनी रेषेची मूळ फाइल उघडली. अशा फाइलसोबत एक छोटी जोडफाइल असते. आतले आकडे कुठल्या मोजणीपद्धतीतले, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ती जोडफाइल नव्हतीच. ती नसली की संगणक विचारतो, पद्धत कोणती धरू? आणि समोर एक यादी ठेवतो. यादीत दोन नावं सख्ख्या भावांसारखी दिसणारी. कुणीतरी वरचं निवडलं होतं; हवं होतं खालचं. खाली नोंद होती: कुणी भरलं, कधी भरलं. तारीख बुवांच्या नोकरीच्या पहिल्या महिन्यातली होती.

नऊ वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. सबंध शहर पडद्यावर दिसत असताना चौसष्ट मीटर म्हणजे केसाएवढं अंतर. आणि रेषा होती तरी नदीला धरूनच. कुणाला शंका यावी?

त्यांनी रेषा जागेवर आणून बघितली. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग आत किती घरं येतात ते संगणकाला विचारलं. दोनशे अकरा. ताईचं घर त्यात आहे का, हे त्यांनी शोधलं नाही. शोधायची गरजच नव्हती.

विभागाचे साहेब वर्षभरात निवृत्त होणार होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बुवा, नऊ वर्षांत तिथं पाणी आलंय का?"

"नाही साहेब."

"मग झाकली मूठ राहू द्या. दगडच चुकीचे पुरले असतील, असंही म्हणता येईल. दोनशे घरांच्या तोंडी कोण लागणार?"

दोन दिवस बुवा नेहमीची कामं उरकत राहिले. तिसऱ्या दिवशी रजा टाकून ते मोजणीवाल्यासोबत गेले, स्वतः यंत्र धरलं आणि सातही दगड पुन्हा मोजले. जुन्या पुलाच्या खांबावर पाटबंधारे खात्याची खूण होती, तीही मोजली. दगड बरोबर होते. परतताना ताईच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. दुपारची वेळ होती, आत पोरं झोपली असणार. ते आत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रेषा दुरुस्त केली आणि साहेबांच्या टेबलावर लेखी टिपण ठेवलं. टिपणात चूक कुणाची, तेही लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची तुमची हौस दांडगी आहे." पण सही केली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पोरं आपापल्या घरी गेल्यावर, बुवा ताईकडे गेले. ती खाली बसून छोट्या छोट्या चादरींच्या घड्या घालत होती. भावोजी बाहेर अंगणात मोडकं खेळणं दुरुस्त करत होते.

"ताई, एक चूक झालीय."

"कुणाची?"

"माझी. कामातली."

"मग दुरुस्त कर की. तोंड का असं एवढंसं केलंयस?"

बुवांनी सांगितलं. चादरीच्या घड्या घालता घालता ताईचे हात मंद होत गेले आणि थांबले.

"म्हणजे घर पुराच्या पट्ट्यात."

"हो."

"आणि परवाना?"

"पट्ट्यात पाळणाघराला परवाना मिळत नाही. मार्चनंतर नूतनीकरण होणार नाही."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, साहेबांना, मोजणीवाल्याला."

"साहेब काय म्हणाले?"

बुवांना खोटं बोलता आलं असतं. "राहू द्या म्हणाले."

अगदी हळू आवाजात ताईनं विचारलं, "दुरुस्त केलीस?"

"काल सकाळी."

"म्हणजे तू विचारायला नाही आलास. सांगायला आलास."

"ताई, खाली पोरं झोपतात गं. रात्रीतून पाणी वाढलं आणि सकाळी कुणी लवकर आणून सोडली..."

"पोरं कशी सांभाळायची ते तू मला शिकवणार? तुला कुणी सांभाळलं रे?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दोन दिवस आधी आला असतास. ताई, असं असं आहे, काय करू, म्हणाला असतास. मी काय म्हणाले असते असं वाटलं तुला? चूक तशीच ठेव म्हणाले असते?"

बुवांना तसंच वाटलं होतं. ताई नको म्हणाली तर आपल्याच्यानं काम होणार नाही, या भीतीनंच ते आधी आले नव्हते.

"जा आता," ताई म्हणाली आणि उरलेल्या चादरी घ्यायला वळली.

दोनशे अकरा घरांना नोटिसा गेल्या. लोक कार्यालयावर आले, बुवांच्या खोलीच्या काचा फुटल्या. चौकशी होऊन त्यांची एक वेतनवाढ थांबली. हे सगळं त्यांनी मुकाट्यानं सोसलं. अंगावर येणारं निघूनही जातं. मार्चअखेर पाळणाघर बंद झालं. शेवटच्या दिवशी मदतीला बुवांची बायको गेली होती. ती परतली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"वन्सं एकदाही रडल्या नाहीत," ती म्हणाली. "एकेका पोराचं तोंड पुसून त्याच्या आईच्या हातात दिलं. शेवटचं गेल्यावर झाडू घेऊन दोन्ही खोल्या झाडल्या. आणि मला म्हणाल्या, तू ये जात जा. तू म्हणजे तू, कळलं ना?"

बुवांना कळलं.

त्यानंतर ताई भावाशी बोलली नाही. बायकोशी फोनवर तासभर बोले. बुवांनी फोन हातात घेतला की पलीकडून तो ठेवला जाई. तिनं कुणाजवळ त्यांची तक्रार केली नाही, शिवीशाप दिला नाही. फक्त ती दारं बंद करून घेतल्यासारखी झाली. भावोजी दर रविवारी सकाळी बुवांकडे येत, चहा पीत, पेपर वाचत, बसच्या जुन्या गिअरचे किस्से सांगत. निघताना म्हणत, "वेळ लागेल रे. घाटात गाडी एकदम वरच्या गिअरमध्ये टाकून चालत नाही." असं म्हणता म्हणता वर्षं गेली.

पाचव्या वर्षी नदीला मोठं पाणी आलं. सकाळपासून बुवा तळमजल्यावरच्या नियंत्रण कक्षात होते. कुठल्या गल्ल्या रिकाम्या करायच्या ते नकाशे तेच काढून देत होते. पहिल्या यादीत ताईची गल्ली होती. ताई आणि भावोजी शाळेत हलवले गेल्याचा निरोप आला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. पुलावरचा कर्मचारी दर अर्ध्या तासाला पाण्याची उंची कळवत होता. बुवा आकडा लिहीत आणि लगेच विचारत, "ताजा आकडा कधी?" पाणी खालच्या रस्त्यावर आलं. गल्लीत शिरलं. दुपारी अडीचला ते ताईच्या फाटकापासून बारा पावलांवर होतं. तीनला तिथंच. साडेतीनला चार बोटं उतरलं.

कक्षात कुणीतरी टाळी वाजवली. सगळे खुर्च्यांत मागे रेलले. पाणीपुरवठ्याच्या बाई डोळे पुसत हसत होत्या. आणि बुवांच्या लक्षात आलं, आपला चेहरा पडला आहे. घर वाचलं, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. दोन खोल्यांत पाणी शिरायला हवं होतं. भिंतीवर त्याचा पट्टा उमटायला हवा होता. म्हणजे तो पट्टा ताईला दिसला असता. दिवसभर आपण पुराची वाट बघत होतो, हे कळल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठून मोरीत गेले आणि नळ सोडून तसेच उभे राहिले.

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

आठव्या वर्षी ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. भावोजींनी फोन केला, "ये." बुवा धावत इस्पितळात गेले. ताईचे डोळे उघडे होते. ती त्यांच्याकडे बघत होती. आठ वर्षांनंतर ती एवढा वेळ त्यांच्याकडे बघत होती आणि बोलत नव्हती. पण आता ती बोलत नाही की तिला बोलता येत नाही, हे त्यांना कुणी सांगू शकलं नसतं.

ते रोज दुपारी जाऊन बसू लागले. नवव्या दिवशी, भावोजी औषधं आणायला खाली गेलेले असताना, त्यांनी तोंड उघडलं.

"ताई, त्या वर्षी पाणी आलं ना, तेव्हा तुझ्या घरात यावं असं मला वाटत होतं. मी वाट बघत होतो. माझं खरं ठरावं म्हणून." त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "रेषा हलवली त्याचं मला काही वाटत नाही गं. पण आधी विचारायला हवं होतं. आणि हे असं वाटायला नको होतं."

ताईचा डावा हात हलला. चादरीची कड तिनं मुठीत धरली आणि जरा वर ओढली. बुवांनी घाईघाईनं परिचारिकेला बोलावलं.

"तिनं हात हलवला. मी बोलत होतो तेव्हाच."

"हलवतात," परिचारिका म्हणाली. "या पेशंटना असं होतं. थंडी वाजत असेल." तिनं पंख्याचा वेग कमी केला.

चार दिवसांनी पहाटे ताई गेली.

भावोजी एकटे त्या घरात राहीनात. बुवांच्या बायकोनंच त्यांना आणलं, पुढची खोली रिकामी करून दिली. नदीकाठचं घर बंद झालं. पट्ट्यातलं म्हणून ते विकलं जाईना, आणि पाणी काही तिथं अजून आलेलं नाही. येईल, न येईल. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे उद्याही असू शकतं, हे बुवा आता कुणाला समजावून सांगत नाहीत.

वर्षभरानं एका संध्याकाळी दोघंच घरी होते. बुवांनी किती दिवस गिळलेला प्रश्न विचारला.

"भावोजी, एक विचारू? ताई माझ्याबद्दल कधी काही म्हणाली होती का? एखादा शब्द?"

भावोजींनी पेपर खाली ठेवला.

"नाही रे बाबा," ते म्हणाले. "तुझं नाव निघालं की ती उठून आत जायची. म्हणाली होती असं मला सांगता येईल, पण तुला खोटं सांगवत नाही."

"बरं केलंत," बुवा म्हणाले.

मग त्यांनी दिवा लावला, भावोजींच्या रात्रीच्या गोळ्या डबीतून मोजून काढल्या आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.