समोरची खुर्ची

तहसील कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. माझ्या हाताला यश आहे, तरीही समोरची खुर्ची रिकामी असली की माणसे लिंबाखाली घुटमळतात. एक बसला की मागे रांग लागते. संकोच असतो तो पहिला होण्याचा.

पुतणी मीनलने पदव्युत्तर प्रवेशाची माहिती देण्याघेण्यासाठी इंटरनेटवर मंच काढला. मुले डोकावून जात, विचारीत कोणी नसे. "बंदच करते, काका," ती म्हणाली.

तेव्हा मीच तेथे सविनय लिहिले, "अर्जदार प्रौढ असून आठवी उत्तीर्ण आहे. एम.एस्सी.ला किती वर्षे लागतात, कळविण्याची कृपा व्हावी."

"लोक हसतील, काका."

"हसायला तरी थांबतील."

सायंकाळी मंचावर एका अनोळखी मुलाचे उत्तर आले, "दोन वर्षे, काका." त्याखाली एका मुलीने भीतभीत वसतिगृहाविषयी विचारले होते. मी उठलो आणि संगणकासमोरची खुर्ची मीनलला मोकळी करून दिली.