गुरुजींचा दुसरा पट

शिंप्याच्या मशीनखाली कातरणं साठतात, तशीच या किश्शांची गत. मुद्दाम कोणी साठवत न्हाई. रोज झाडून काढलं तरी चार तुकडे कोपऱ्यात राहतातच. माझं दुकान मन्नाएखेळ्ळीच्या सडकेवर, मोटार थांबते तिथंच. कपडे लोकांनी घातले, फाडले, विसरले. कातरणं तेवढी माझ्याजवळ राह्यली.

तुम्ही विचारायलात म्हणून सांगतो. घाई मात्र करू नका. मला काहीच घाईनं येत न्हाई, हे आख्ख्या गावाला ठाऊक हाय.

*

दुकानापुढच्या ओट्यावर आमचा बुद्धिबळाचा डाव चालायचा. एक बसअण्णा, शेतकरी माणूस, घरात कानडी. दुसरे महबूबचाचा, शेजारी त्यांची चहाची भट्टी. तिसरे गुरुजी, शाळा सुटली की थेट ओट्यावर. चौथा मी, हात मशीनवर अन् डोळे डावावर.

पट मीच शिवलेला. पांढरी घरं धोतराच्या तुकड्यांची. काळी घरं एका वकिलाच्या कोटातून काढलेली! वकीलसाहेब कोट घालून आरशापुढं उभे राह्यले अन् म्हणाले, "आप्पा, बाह्या आखूड कामून झाल्या?"

मी म्हणालो, "साहेब, कायद्याचे हात लांबच असतात!"

खूश होऊन गेले बिचारे.

*

आमच्या ओट्याचा एक कायदा होता, दुसऱ्या कुठल्या गावात मी तो बघितला न्हाई. मोहरा हलवायचा तर त्या मोहऱ्याच्या तोंडानं बोलायचं. न बोलता हलवला तर चाल परत!

राजा उर्दूत बोलायचा, कारण आमच्या लहानपणी राज्य उर्दूत चालायचं. वजीरही उर्दूत. प्यादी मराठीत, कारण रानात राबणारा माणूस आमच्यात मराठी बोलायचा. जनावरांना भाषा न्हाई, पण घोडा तेवढा खिंकाळायचा.

गुरुजींना घोड्याची चाल फार आवडायची. एकदा शाळा तपासणारे साहेब मोटारीतून उतरले. बघतात तर टोपी घातलेले हेडमास्तर ओट्यावर बसून खिंकाळायलेत!

साहेबांनी मला हळूच विचारलं, "असं कधीपासून होतं यांना?"

"शाळा सुटल्यावरच होतं साहेब," मी म्हणालो. "शाळेत बरे असतात."

*

मग राज्य म्हैसूरचं झालं. कचेरीत कागद कानडीत यायला लागले. बसअण्णांनी ओट्यावर मांडी ठोकली. "कारभार आता कानडीत हाय. आजपासून वजीर कानडी बोलणार!"

चाचांचं तोंड उतरलं. उठून भट्टीवर गेले. दोन दिवस आमच्याकडं चहा न्हाई, बोलणं न्हाई. मला वाटलं, मोडला ओटा.

तिसऱ्या दिवशी चाचा कपबशी घेऊन आले अन् उभ्यानंच विचारलं, "राजा तो उर्दूच बोलेगा ना?"

"व्हय की, चाचा," बसअण्णा म्हणाले. "राजा कसा बदलंल?"

"बस. वजीर का क्या है, वो तो हर राज में जबान बदलता," असं म्हणून मांडी घालून बसले, अन् पहिलीच चाल वजिराची केली. "नडी, नडी!" अशी कानडीत हाकच मारली त्याला. चल म्हणून! बसअण्णा इतके हसले की चहा पटावर सांडला. तो डाग शेवटपर्यंत गेला न्हाई.

*

हुमनाबादच्या मोटारीचा एक पाशिंजर डाव बघत उभा राह्यला. मोटार आली, हा हलंना. कंडक्टर त्याला बोलवायला उतरला, तो बी तिथंच खिळला. मोटारीतली माणसं ओरडायला लागली, तसा ड्रायव्हर तावातावानं खाली आला. म्हटलं, आता पट उधळतो हा.

ड्रायव्हरनं पटावर नजर टाकली, कमरेवर हात ठेवले अन् मोटारीकडं तोंड करून ओरडला, "गप बसा रे! हत्ती हलला की गाडी हलंल!"

*

असं चांगलं चाललं होतं. पुढं कैक वर्षांनी गुरुजी सोलापूरला गेले अन् येताना एक पुस्तक घेऊन आले. बुद्धिबळाचे सुधारलेले कायदे. म्हणाले, "आपण सगळं जुनाट खेळतोय. जग पुढं गेलं." अन् वाचून दाखवायला लागले.

प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं.

"दोन घरं?" बसअण्णा म्हणाले. "प्यादं पायी चालायलंय का मोटारीत बसलंय?"

आमच्या जुन्या डावात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, ती बंद. त्याऐवजी राजा अन् हत्ती एकमेकाला ओलांडून बसतात, म्हंजे राजा कोपऱ्यात सुखरूप.

"हत्तीमागं लपतो?" परत बसअण्णा. "त्यो राजा हाय का रुसलेला जावई?"

अन् शेवटचं कलम. डाव चालू असताना कोणी बोलायचं न्हाई.

मग चाचा हळूच म्हणाले, "गुरुजी, घोडा भी नक्को?"

"घोडा बी न्हाई," गुरुजींनी खाली बघून सांगितलं.

बसअण्णा उठले. "गप बसून खेळायचं तर मी बैलांसंगं खेळतो की!"

गुरुजी बी तापले. माझ्याकडं वळून म्हणाले, "आप्पा, मला दुसरा पट शिवून द्या. शाळेच्या व्हरांड्यात मांडतो. ज्याला नवं पाहिजे तो तिकडं येईल."

नव्याचं मला वावडं न्हाई. पण दुसऱ्या पटाला टीप मारली की पहिला ओटा उसवणार, एवढं मला कळत होतं. मी शाळा शिकलेला न्हाई. जी चार अक्षरं येतात ती गुरुजींनीच त्या ओट्यावर शिकवलेली. त्यांना न्हाई कसं म्हणू?

म्हणून मी शिंपी जे म्हणतो तेच म्हणालो.

"उद्या या!"

*

गुरुजी दुसऱ्या दिवशी आले. दोरा संपला होता. तिसऱ्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला. मग लगीनसराई आली, मग दिवाळी. आता आलाच हाव तर बसा घटकाभर, असं म्हणून मी पाट सरकवायचो. पट तेवढा एकच. मग गुरुजी आपल्या नव्या कायद्यानं खेळायचे अन् बसअण्णा जुन्या. एकाच डावात! गुरुजींची प्यादी दोन दोन घरं पळायची, अन् समोरून बसअण्णांचा राजा घोड्यागत उडी मारायचा.

गुरुजी मात्र तोंड उघडायचे न्हाईत. कलम म्हंजे कलम.

एक दिवस बसअण्णांचं एक प्यादं हळूहळू पुढं आलं अन् गुरुजींच्या राजापुढं उभं राह्यलं. शह! गुरुजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. राजाला घर न्हाई. प्यादेमात! आमच्यात याच्याइतकी मोठी हार न्हाई. गुरुजींचे कान लाल झाले, अन् इतक्या महिन्यांचं तुंबलेलं एकदम बाहेर पडलं.

"एक प्यादे की ये मजाल!"

उर्दूत! राजाच्या तोंडानं!

बसअण्णांनी हात जोडले. जन्म कानडीत गेलेला माणूस, पण प्याद्याचं बोलणं मराठीतच, चोख.

"सरकार, एकेक घर चालत आलो. म्हणून तर पोचलो."

चाचांनी त्या दिवशी सगळ्या मोटारीला चहा पाजला.

*

पुढं गुरुजी रिटायर झाले. लेकाकडं उदगीरला राहायला निघाले. ट्रंक मोटारीवर चढली. बसअण्णा तोंड फिरवून उभे. चाचा भट्टी फुंकायलेत, धूर न्हाई तरी डोळे पुसायलेत. गुरुजी दुकानात आले.

"आप्पा, माझा तो पट?"

मला दुसरं काही सुचलं न्हाई. "उद्या या, गुरुजी."

त्यांनी मान हलवली अन् मोटारीत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारची मोटार थांबली. गुरुजी उतरले. सामान न्हाई, हातात फक्त छत्री. बसअण्णा मोहरे मांडायलेले, तसेच थांबले. गुरुजी सरळ माझ्या मशीनपुढं आले.

"आलो. झाला का पट?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"झालाच म्हणा की. बाही तेवढी राह्यलीय."

गुरुजींनी छत्री खुंटीला अडकवली.

"मग बसतो," म्हणाले, अन् पांढऱ्या घोड्याला हात घालून खिंकाळले.