ह्यांचा आवाज होता ती डिस्क

चार वर्षांपूर्वीची मी म्हणजे अडुसष्ट वर्षांची एक अतिशहाणी बाई. आज समोर आली तर आधी तिच्या हातातला माऊस काढून घेईन.

ह्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून महिनाभर हे रोज संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसून लखनौच्या नातीसाठी बोलणं रेकॉर्ड करत राहिले. तिला मराठी कळतं, तोंडातून हिंदीच येतं. आपली माणसं झाशीत कशी आली, मोठ गावाजवळची शेती कशी गेली, असलं सगळं.

ऑपरेशननंतर हे पाटीवर लिहू लागले. हात थरथरतो, दोन-चार शब्दांपुढे जात नाही.

लॅपटॉप फारच रखडायला लागला तेव्हा सीपरी बाजारातल्या दुकानदाराने त्यात दुसरी डिस्क बसवून दिली. जुनीवर विंडोज आणि ह्यांचं बोलणं तसंच राहणार, नव्या कोऱ्या डिस्कवर लिनक्स घालायचं, सुरू करताना हवं ते निवडायचं. ते मी घरीच करणार म्हटल्यावर तो म्हणाला, "माताजी, पहले पुरानी वाली का बैकअप ले लीजिए."

"भैया, हमने तीस साल दफ्तर चलाया है!"

दफ्तर चालवलं म्हणे! साहेबांची पत्रं टाइप करत होते.

पडद्यावर दोन्ही डिस्क एकाखाली एक आल्या. आकार सारखा, नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. आमच्याकडे पान आधी वडीलधाऱ्यांना वाढतात, लग्नपत्रिकेतही त्यांचंच नाव वर. तेव्हा वरची जुनी, खालची नवी, यात विचारायचं काय? खालची निवडली. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली. "पूस बाबा, कोरीच आहे," मी मोठ्याने म्हणाले. हे शेजारीच बसले होते. हसले.

लिनक्स झकास सुरू झालं. विंडोज कुठे दिसेचना.

दुकानदाराने आठ दिवस खटपट केली. "माताजी, उसी के ऊपर नया लिख गया ना." फाइली थोड्या निघाल्या, वाजली एकही नाही.

आणखी आठ दिवस मी ह्यांना "लॅपटॉप दुकानात आहे" हेच सांगत राहिले. मग एका सकाळी सांगून टाकलं. ह्यांनी पाटी ओढून लिहिलं, "तू ऐकलंस ना? सांग तिला."

आता काय सांगायचं? ते बोलत असायचे तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. तेच तेच काय ऐकायचं, चाळीस वर्षं ऐकतेय, असं मैत्रिणीला फोनवर सांगायची, तेही खिदळत.

"सांगते की," मी म्हणाले.

दिवाळीत नात आली. मोबाइल माझ्यासमोर धरून बसली. "आजी, शुरू करो."

शेतीचं मी सुरू केलं. ह्यांनी आडवी मान हलवली, म्हणजे असं नाही. मी बदलून सांगितलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मी जे मनाला आलं ते सांगत सुटले, आणि ह्यांनी मान हलवलीच नाही. नात सगळं रेकॉर्ड करत होती.