हृदयाची मालवणी कॉमेंट्री

मंगळवारी चौथ्या तासाला आमच्या स्मार्ट बोर्डचा आवाज गेला. आठवीला रक्ताभिसरण शिकवत होते. बोर्डावर हृदय धडधडतंय, निळं-लाल रक्त धावतंय... आणि सगळं मुकं.

परळच्या आमच्या मराठी शाळेत जूनमध्ये हा बोर्ड आला, तेव्हा सगळ्यात खूश मीच होते. फळ्यावर मी काढलेलं हृदय कायम हापूस आंब्यासारखं दिसायचं! बोर्ड सुरू झाला की पोरं एकदम शांत. मला वाटायचं, काय लक्ष देतात...

पण शंका विचारणं मात्र बंद झालं होतं. व्हिडिओतल्या बाईंचा गोड आवाज सगळं सांगून टाकायचा. विचारायला काही उरायचंच नाही.

समीक्षा तर आधीपासूनच गप्प. यंदाच कणकवलीहून लालबागला मावशीकडे शिकायला आली. पहिल्याच आठवड्यात "बाई, माका येता" म्हणाली आणि वर्ग फिदीफिदी हसला. त्यानंतर हजेरीपुरतंच तोंड उघडायची.

आदल्याच दिवशी, सोमवारी, तिची मावशी भेटून गेली. मसाल्याच्या दुकानातून तशीच आली होती, पदराला मिरचीचा वास. "बाई, पोरगी रडते हो रोज. दिवाळीला गावी गेली की परत पाठवणार नाही म्हणते तिची आई." मी म्हटलं, थोडं थांबा. पण काय करणार होते, माझं मलाच ठाऊक नव्हतं...

तर, मंगळवारी आवाज गेला. कॉम्प्युटरच्या सरांना बोलवायला खाली गेले. परत येते तर वर्गात हसण्याचा गोंधळ. मी दारातच थांबले.

समीक्षा बोर्डापाशी उभी. तिच्या बाकावरची श्रेया मागून ढोसत होती, "डबा खाताना करतेस तशी कॉमेंट्री कर ना! लाजतेस काय!"

आणि आमची मुकी समीक्षा, दशावतारातल्या राजासारखी कमरेवर हात ठेवून... "आता ह्या रगत खंय चल्ला? फुफ्फुसात! कशाक? हवा खावक! आणि हो दरवाजो बघा. एकदा पुढे गेला काय, मागे येवक मिळाचा नाय!"

पोरं हसत होती, पण या हसण्यात ती एकटी पडली नव्हती. तेवढ्यात ओंकार ओरडला, "ए, पण दरवाजा बिघडला तर?"

"मगे रगत मागे येतला."

"म्हणजे हृदयाला डबल ड्युटी?"

"माझ्या आजोबांचा व्हॉल्व्ह बदलला, तो हाच का गं?"

प्रश्नावर प्रश्न... जूनपासून मी ज्यांची वाट बघत होते, ते.

समीक्षाची नजर माझ्याकडे गेली आणि चेहरा उतरला. "सॉरी बाई..." मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, "पुढे सांग गो. डावी बाजू राहिली."

थोड्या वेळाने सर आले. एक वायर सैल झाली होती, तेवढंच. आवाज सुरू झाला आणि अख्खा वर्ग एका सुरात, "नको ना सर!" सरांनी हसत आवाज पुन्हा बंद केला.

बोर्डाला मी नावं ठेवत नाही हं. ते धावणारं रक्त दाखवणं मला जन्मात जमलं नसतं. पण आता आधी आवाज बंद... चित्र त्याचं, बोलणं मुलांचं. चुकलं की बाकीचे तुटून पडतात, मी फार कमी बोलते. काल एकाने साताऱ्याच्या बोलीत अख्खं पचन सांगितलं, वर्ग जेवायच्या सुट्टीतही त्यावरच भांडत होता.

शनिवारी मावशी रस्त्यात भेटली. म्हणाली, "बाई, आता बोलून बोलून डोकं खाते! दिवाळीला जाते म्हणते, पण परतीचं तिकीट आत्ताच काढ म्हणून मागे लागलीय."

कोणाकोणाचे आभार मानू... श्रेयाचे, ओंकारचे, आणि हो, त्या सैल वायरीचेसुद्धा.