खाली ठेवलेला कोयता

मायाक्काची ओळख म्हणजे तिच्या कडक भाकऱ्या. पापडासारख्या पातळ, ज्वारीच्या, महिनाभर ठेवल्या तरी मऊ न पडणाऱ्या. पहाटे आधी देवीपुढं दिवा, मग चुलीत जाळ, हा तिचा नेम. पण गेल्या वर्षापासून गल्लीत नवे कुणी पाहुणे आले की लोक तिच्याकडं बोट दाखवून सांगायचे, "पिक्चरातली कोयतेवाली आई ती हीच बघा."

झालं होतं असं. गल्लीतलाच सोमशेखर, लहानपणी मायाक्काच्या चुलीपुढं बसून शेंगाचटणी चाटणारा, पुण्याला जाऊन पिक्चर काढायला शिकला. भीमेकाठच्या वाळूचोरांच्या टोळीवर त्यानं पिक्चर काढला, तेव्हा शूटिंगच्या माणसांना भाकरी मायाक्काचीच. एके दिवशी ती भाकऱ्यांची पाटी घेऊन पोचली, तर आईचं काम करणारी बाई उन्हानं आडवी झालेली.

"मावशी, तूच उभी ऱ्हा," सोमशेखर म्हणाला. "बोलायचं काय न्हाय. भिंतीवरला कोयता काढायचा न् पोराच्या हातात द्यायचा. झालं."

"आरं, देवाधर्माची बाई मी. मला कसलं काम लावतूस मुडद्या?"

"खोटा हाय मावशी, रबराचा."

लेकरासारखा पोरगा, अडलेला. मायाक्का उभी राहिली. समोरच्या नटानं हात पुढं केला. तिनं कोयता काढला आणि हाताला जन्माचं वळण होतं तसा खाली, त्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. नटाचा हात तसाच अधांतरी.

"मावशी, हातात! हातात!" कुणीतरी ओरडलं.

पण सोमशेखर जागचा उठला होता. "न्हाय. असंच पायजे."

आपल्या हातून चूक झाली आणि पोरानं उन्हापायी ती चालवून घेतली, अशीच मायाक्काची समजूत.

पिक्चर सोलापुरात लागला आणि गल्लीच्या दोन गल्ल्या झाल्या. मायाक्काचा नवरा तिप्पण्णा थेटरात शिट्टी मारून आला. शेजारची कमरबी म्हणाली, "क्या नजर थी गे तेरी! मैं तो डर गई." पण देवळातल्या बायकांनी तोंडं फिरवली. "आदीच पोरं केकसुद्दा कोयत्यानं कापाय लागल्यात. आन् त्येंना असलं दाखवायचं? ह्ये काडणारंच आदी आत टाकलं पायजेत." सोमशेखर पारावर वाद घालायचा, "मी न दाखवल्यानं नदीकाठचं मारणं थांबलं का?" मायाक्काला त्याचंही पटायचं आणि बायकांचंही. थेटरात तिनं स्वतः कोयत्यानंतरचं सगळं पदराआडच काढलं होतं. घरी येऊन देवीपुढं नाक घासलं होतं.

तिथवर ठीक होतं. पण वैजयंतीचं लग्न जुळत आलं होतं. लेक नर्सिंग शिकलेली. माळशिरसचा शिवराज खताच्या दुकानात बसणारा, निर्व्यसनी, आणि दोघांनी एकमेकांना मनातून पसंत केलेलं. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. अशात त्या भाबड्या पोरानं मोबाईलवर पिक्चर लावून आईपुढं धरला. म्हणाला, "बघ, ही वैजयंतीची आई!"

दुसऱ्या दिवशी वैजयंतीचे डोळे सुजलेले. "त्यांची आई येतीय सांगायला. न्हाय म्हणून सांगायला."

शिवराजची आई सोनाबाई एकटीच आली. उंच, काटक, डोईवर पदर घट्ट. पाण्याचा तांब्या तिनं हातानंच बाजूला सारला.

"फोनवर नकार देणं बरं दिसत न्हाई, म्हणून आले. तुमची पोरगी सोनं हाय, तिला बोल न्हाई." ती थांबली. "माजा थोरला भाऊ बांधाच्या भांडणात ग्येला. कोयत्यानं. भांडणारा रिकाम्या हातानं आलता बाई. त्येच्या आईनं घरातनं पळत यून त्येच्या हातात दिला. म्या हुते तितं. आता त्येच काम करनाऱ्या बाईला म्या इहीण म्हनू?"

दारात उभा तिप्पण्णा चाचरत म्हणाला, "आवो, त्ये खोटं हाय. पिक्चर त्यो. कोयता रबरी हुता."

"माजा भाऊ रबरी नव्हता दादा."

तिप्पण्णा दारातनं बाहेर सरला. मायाक्काला एवढंच कळत होतं, की दारी आलेलं माणूस उपाशी जायला नको. "नातं ऱ्हाऊ दे आक्का," ती म्हणाली, "पर चार घास खाऊन जावा. लांबनं आलाय." आणि कांदे घेऊन ती खाली बसली. डोळे भरून आले होते, कांद्यानं का कशानं ते तिचं तिला ठाऊक. हातातला कांदा नीट चिरला जाईना.

सोनाबाई कामाची बाई. समोर कुणी काम करत असताना तिला नुसतं बसवेना. "हाण ती सुरी हिकडं," म्हणून तिनं हात पुढं केला.

मायाक्कानं सुरी तिच्या पुढ्यात फरशीवर ठेवली.

सोनाबाईचा हात तसाच राहिला. "हातात का देत न्हाईस?"

"हातात कुटं देत्यात आक्का? सुरी, मीठ, मिरची, हातोहात दिलं की भांडण लागतंय. आयनं शिकवलंय. त्या मेल्या पिक्चरात बी म्या तसंच क्येलं, तर समदी वरडाय लागली."

"काय क्येलंस पिक्चरात?"

"खाली ठिवला की. भुईवर."

सोनाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "म्या डोळं मिटलं हुतं," ती हळूच म्हणाली. "कोयता भिंतीवरनं निघाला तवाच मिटलं. उगडलं तवा रगत."

वैजयंतीनं धावत मोबाईल आणला. दोघी बायका एका पडद्यावर वाकल्या. पडद्यावरच्या मायाक्कानं कोयता काढला. पोराचा हात पुढं आला. तो हात रिकामाच ठेवून ती वाकली आणि कोयता जमिनीवर टेकवून मागं सरली.

"बंद कर, पुडचं नगं," सोनाबाई म्हणाली. मोबाईल तिनं फरशीवर पालथा ठेवला. "उचलला त्येचा त्येनं," ती म्हणाली. "हिनं दिला न्हाई." तिनं डोळ्यांना पदर लावला, फरशीवरची सुरी उचलली आणि भराभरा कांदा चिरायला घेतला. "भाकरीसंगं काय क्येलंय, इहीणबाई?"

मायाक्काच्या छातीवरचा धोंडा उतरला. चुलीकडं वळताना तिनं आधी देवीला हात जोडले. बाहेर तिप्पण्णानं शिट्टी मारली, तिला त्या दिवशी त्याचा राग आला नाही.

सुपारी फुटली त्या दिवशी सोमशेखरही पंगतीला होता. सोनाबाईनं मुद्दाम त्याच्यासमोरच पाट मांडून घेतला.

"त्यो तूच काय, रगताचं पाट वाहवणारा?"

"काकी, जे घडतं तेच—"

"घडतंय त्ये आमाला ठाव हाय. ज्येच्या घरात घडलं त्येला तुजं तिकीट कशाला पायजे? आन् ज्येच्या घरात न्हाई घडलं, त्येला हौस कशाला लावतूस?"

"हौस लागावी म्हणून नाही काकी, भीती वाटावी म्हणून."

"पोरं शिट्ट्या मारत्यात रं! भ्यायल्यावर शिट्टी मारत्यात व्हय?"

तिप्पण्णानं मान खाली घालून भात कालवला. सोमशेखरनं आमटीची चव घेतली आणि मीठ मागितलं. मिठाची वाटी सोनाबाईजवळ होती. त्यानं हात पुढं केला.

सोनाबाईनं त्या हाताकडं पाहिलं, वाटी त्याच्या ताटाशेजारी खाली ठेवली, आणि पुन्हा त्याच्याशी भांडायला लागली.